बिनसाखरेचा ग्लास

रविवारी दुपारी तीन वाजता कोराडीत सिंधूताई गजभिये यांच्या गॅसवर दूध नासलं.

दूध चांगलं होतं. सकाळीच आणलेलं, नीट तापवलेलं. त्यात कॉफी पडली होती, साखर पडली होती, सवयीनं जायफळही किसून पडलं होतं. मग सिंधूताईंनी त्यात दोन संत्री पिळली आणि एकदा चमचा फिरवला. दुधाचे आधी कण झाले, कणांचे गोळे झाले आणि गोळ्यांखाली तपकिरी पाणी राहिलं.

"पनीर झालं," देवराव स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "कॉफीचं पनीर. साऱ्या नागपुरात भेटत नसंल."

"तुम्ही बाहेर बसा अन् पेपर वाचा."

"वाचला. त्यात एवढी मोठी बातमी नाई."

सून मेघा बाथरूममधून केस पुसत आली, तिनं पातेल्यात पाहिलं आणि टॉवेल तोंडावर धरला. ती हसत होती. धरमपेठेतल्या एका कॉफीच्या दुकानात ती काउंटर सांभाळते. रविवारी तिथे गर्दी असते, पण आजची सुटी तिनं मैत्रिणीशी बदलून घेतली होती.

"आई, दूध कोणं टाकाले सांगितलं?"

"आता कॉफीत दूध टाकाले बी सांगा लागते का?"

चूक सिंधूताईंची म्हणावी तर हाताची होती. वीज केंद्राच्या कँटीनमध्ये त्यांनी नोकरीची सगळी वर्षं चहा केला. पाणी, साखर, पत्ती, दूध. तिन्ही पाळ्यांना तेच. निवृत्तीनंतरही ओट्यापुढे उभं राहिलं की हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. तिथल्या आणखी एका सवयीचंही तसंच. कोराडीत हवेत राख असते. उताणा ठेवलेला ग्लास थोड्या वेळानं आतून खरखरीत लागतो. म्हणून कँटीनमध्ये चहा पिऊन झाला की जो तो आपला ग्लास पालथा घालायचा. सिंधूताईंच्या घरी फळीवरचे ग्लास आजही पालथे असतात, आणि कोराडीतल्या बहुतेक घरांत तसेच असतात.

पाहुणे पाच वाजता येणार होते.

पाहुणे म्हणजे मनोहरराव आणि त्यांची बायको प्रेमिला. मनोहरराव आणि देवराव वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर एका पाळीत होते. मैत्री तिथली. मनोहररावांचं मूळ घर उमरेडकडचं, शेतीवाडी असलेलं. गजभिये कुटुंब बौद्ध. देवरावांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. दोघांच्या मैत्रीत याचा विषय कधी निघाला नाही. मनोहरराव दारात आले की स्वतःहून "जयभीम" म्हणायचे. देवरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त मनोहररावांनी दिलं. देवरावांचा मुलगा धम्मानंद याला उमरेडच्या खाणीत नोकरी लागली तेव्हा त्याला राहायला खोली त्यांनीच पाहून दिली.

फक्त या घरात त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही.

नकार असा कधी आला नाही. कारणं आली. आत्ताच घेतला. आज सोमवार हाय. पित्त झालं. दाढ काढली. डॉक्टरनं मना केलं. एका कोजागिरीला त्यांनी दुधाचा ग्लास हातात घेतला, "जरा चांदणं पडू द्या" म्हणून गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि गप्पा संपवून निघून गेले. सकाळी त्यात मुंग्या होत्या.

गंमत अशी की कँटीनच्या खिडकीतून हाच माणूस सिंधूताईंच्या हातचा चहा रोज प्यायचा. एक ग्लास रिचवून दुसरा मागायचा. "सिंधूताई, तुमच्या हाताले चव हाय," असं सगळ्यांदेखत म्हणायचा. तिथं त्या सिंधूताई होत्या. घरी आला की वहिनी व्हायच्या, आणि चहा बंद व्हायचा.

शनिवारी त्यांचा फोन आला होता. मुलगा अश्विन याचं लग्न ठरलं होतं. "उद्या पाचले येऊन राहिलो, दोघंबी. पत्रिका द्याची हाय." प्रेमिला या घरी पहिल्यांदाच येणार होत्या.

फोन झाल्यावर सिंधूताई काही वेळ गहू निवडत बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "मेघा, असं काही सांग, ज्याले नाही म्हणाले त्याच्यापाशी कारणच नसंल."

मेघानं फार विचार केला नाही. "संत्र्याची कॉफी. बर्फ घालून. आमच्या दुकानात लोक रांग लावून पितात."

"संत्र्याची? कॉफी?"

"पाहा, तुमच्यापाशी बी लगेच कारण नाही सापडलं."

देवरावांना हे पसंत नव्हतं. रविवारी नासलेलं दूध मोरीत ओतलं जात असताना त्यांनी ते पुन्हा सांगून पाहिलं.

"काहून परीक्षा घेऊन राहिली वं त्याची? म्हातारा झाला तो. लग्नाघरचा माणूस."

"परीक्षा नाई. कॉफी हाय."

"अन् नाही पिला तं?"

सिंधूताईंनी पातेलं घासायला घेतलं. "तं मी लग्नाले येत नाई. माझ्या घरचं पाणी ज्याले चालत नाई, त्याच्या मांडवात मी पंगतीले काहून बसू? रक्त द्याले चालते, चहा प्याले नाही चालत. हे कोणतं गणित व्हय?"

"एवढ्या वर्षांत तू कधी बोलली नाई."

"आजबी बोलून नाही राहिली. कॉफी करून राहिली."

देवराव बाहेर जाऊन कुलरसमोर बसले.

दुसऱ्या खेपेला दूध नव्हतं. सिंधूताईंनी संत्री सोलून फोडी मिक्सरमध्ये फिरवल्या आणि त्यावर गरम कॉफी ओतली. मेघानं घोट घेतला आणि तिचा एक डोळा मिटला.

"आई, बिया?"

"त्या बी काढा लागते?"

"बी दळली की कडू होते."

देवरावांना चव बघायला बोलावण्यात आलं. त्यांनी चव घेतली आणि विचारलं, "मनोहरले पाजाची हाय का मनोहरले माराचं हाय?"

सिंधूताई हसल्या. ओट्यावरचं संत्र्याचं साल त्यांनी उचललं, चिमटीत दुमडलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांच्या दिशेनं दाबलं. तेलाचे बारीक थेंब उडाले. देवराव शाळेतल्या पोरासारखे डोळे चोळत मागे सरले आणि साल घेऊन परत आले. काही काळ स्वयंपाकघरात दोन निवृत्त माणसं एकमेकांवर संत्र्याची सालं दाबत होती आणि सून बर्फाचा ट्रे पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती. घरभर संत्र्याचा वास झाला.

"हेच," मेघा ओरडली. "हेच सालाचं तेल वरून मारायचं असते ग्लासात. वाया नका घालवू."

तिसऱ्या खेपेला तिनं सांगितलं आणि सिंधूताईंनी केलं. कॉफी आधी थोड्याशा गरम पाण्यात दाट विरघळवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. संत्री हातानं पिळून रस गाळायचा. दाबून पिळायचा नाही, सालाच्या आतला पांढरा भाग कडू असतो. त्यात थोडा साखरेचा पाक आणि लिंबाचे चार थेंब. ग्लासात काठोकाठ बर्फ, बर्फावर रस. मग चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून कॉफी हळूहळू सोडायची.

"हळू म्हणजे किती हळू?"

"बाळाच्या डोक्यावर पाणी टाकतो तशी."

सिंधूताईंनी तशी सोडली. खाली नारिंगी राहिलं, वर काळं राहिलं, आणि मधे दोघांनी एकमेकांत किंचित रंग सोडला. मेघानं सालाची एक पट्टी ग्लासावर मुरडली. तिघांनी एकाच ग्लासातून आळीपाळीनं घोट घेतले. आधी कडवट, मग आंबट, आणि शेवटी गोड. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, पत्रे तापले होते, आणि घशातून काहीतरी गार सरळ खाली उतरत होतं.

"च्या मायले," देवराव म्हणाले. या घरात हा शब्द फार कमी वेळा आणि फक्त आनंदानं वापरला जातो.

संत्री शेवटची होती. फळवाल्यानं सांगितलं होतं की मृग बहाराचा माल संपत आला, आठवड्याभरानंतर विचारू नका. पाच उरली. मेघानं ती पाहुण्यांसाठी बाजूला ठेवली.

"काकांना शुगर आहे ना?" तिनं विचारलं. "मग त्यांच्या ग्लासात पाक नको. रस बी अर्धाच टाकू, बाकी पाणी अन् लिंबू. पण ती कडू लागंल हं."

"कडू तं कडू," सिंधूताई म्हणाल्या. "काकूच्या ग्लासात पाक घाल."

ठरल्याप्रमाणे पाच वाजता मोटारसायकल थांबली. मनोहररावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, दारातूनच जयभीम म्हटलं आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे बघून हात जोडले. प्रेमिला त्यांच्या मागे होत्या; उन्हानं तोंड लाल झालेलं, पदरानं वारा घेत. त्या कुलरच्या थेट समोर बसल्या आणि "बाई बाई बाई" एवढंच म्हणाल्या.

हळदकुंकू लावलेली पत्रिका त्यांनी सिंधूताईंच्या हातात दिली. "पहिले मांडव अन् मग लग्न. दोन्ही दिवस या लागते, ताई. सुनेले बी आणा."

"वहिनी, काही करू नका," मनोहरराव म्हणाले. "अजून लय घरं बाकी हाय. चहा तं—"

"चहा नाहीच हाय," सिंधूताई म्हणाल्या.

मनोहरराव थांबले. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं आणि त्याला जागा उरली नव्हती.

"मग?"

"संत्र्याची कॉफी."

"संत्र्याची?"

"हाव."

"वहिनी, तुम्हाले माहीत हाय, शुगर—"

"तुमची बिनसाखरेची हाय."

"दुधानं मले पित्त—"

"दूध टाकतच नाई त्यात," देवराव मधेच म्हणाले. "टाकलं का पनीर होते. आम्ही पाहून घेतलं."

मनोहररावांनी देवरावांकडे पाहिलं. देवराव पत्रिकेवरची नावं वाचत होते.

"आज वार कोणता?" मनोहररावांनी विचारलं.

"रविवार, काका," मेघा आतून म्हणाली. "आज उपास नसते."

प्रेमिलाबाईंना या सगळ्यातलं किती कळलं हे सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "त्याईले नसंल पाहिजे तं नको. मले द्या वं ताई. जीव चाललाय."

मेघानं ट्रे आणला. दोन उंच काचेचे ग्लास, बाहेरून घामेजलेले. प्रेमिलाबाईंच्या ग्लासाच्या काठावर संत्र्याची चकती होती, मनोहररावांच्या ग्लासात सालाची पट्टी. प्रेमिलाबाईंनी ग्लास उजेडासमोर धरला, दोन रंग पाहिले, "हे ढवळाचं का असंच?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घोट घेतला. मग थांबल्या. मग दुसरा घेतला.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे लग्नात ठेवता नाही येत का हो?"

"हजार माणसाले संत्री कुठून आणतं?" मनोहरराव म्हणाले. त्यांचा ग्लास स्टुलावर होता. त्यांनी तो थोडा सरकवून जवळ घेतला. बोटं काचेला लागली, ओली झाली, त्यांनी ती रुमालाला पुसली.

सिंधूताई समोर बसल्या होत्या. त्या ग्लासाकडे बघत नव्हत्या. त्या पत्रिकेकडे बघत होत्या, आणि पत्रिका उलटी होती.

"प्या ना भाऊ," त्या म्हणाल्या. "बर्फ विरघळते."

"घेतो. जरा—"

जरा काय, हे समजलं नाही. कारण त्याच वेळी कुलरमधून गरम हवा यायला लागली. पंखा फिरत होता, कुलरच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या होत होत्या. पंप अडकला होता.

"राख," देवराव उठत म्हणाले. "जाळीत राख बसते. मेघा, बटन बंद कर. सिंधू, पाइप धर माझ्यासंग."

मनोहररावही अर्धे उठले. "मी पाहू का? मोटर—"

"तू बस गा. पाहुणा हाय तू आज."

कुलर मागच्या अंगणात खिडकीला लावलेला आहे. तिथून बैठक दिसत नाही. देवरावांनी झाकण काढलं, सिंधूताईंनी पाइप धरला, मेघा आत-बाहेर करून बटन लावत आणि बंद करत होती, तेही आतल्या खोलीतलं. पंपाच्या जाळीतून बोटभर काळा गाळ निघाला. देवरावांनी आवाज खाली करून विचारलं, "पिला असंल?"

"मले काय माहीत."

"पाहून ये ना."

"मी नाई पाहत. पाहिलं का मग तो माझ्यासाठी पेते."

पंप सुरू झाला. पाणी ताट्यांवरून उतरायला लागलं. हात पुसून तिघं बैठकीत आली, तेव्हा पाहुणे उभे होते. मनोहरराव डोक्याला दुपट्टा बांधत होते.

"निघतो वहिनी. उजेडात बाकीची घरं उरकून घेतो."

प्रेमिलाबाईंनी सिंधूताईंचे दोन्ही हात धरले. "लय मस्त. लग्नाले याचं बरं का." दोघं बाहेर पडली. मोटारसायकल दोन किकांत सुरू झाली.

ट्रेमध्ये दोन ग्लास होते. दोन्ही पालथे.

सालाची पट्टी आणि संत्र्याची चकती एकमेकींशेजारी ट्रेमध्ये पडली होती. सिंधूताईंनी एक ग्लास उचलला, मग दुसरा. दोन्ही रिकामे. ट्रेवर दोन ओली वर्तुळं, बर्फाचे झिजलेले तुकडे.

"पिला," देवराव म्हणाले. "पाहाय, ग्लास पालथा घातला. कँटीनची सवय. मी म्हणत होतो का नाई?"

"बाबा, काकू बी कोराडीच्याच आहेत," मेघा म्हणाली. "त्यांच्या घरी बी ग्लास पालथेच असतील. अन् काकूंना तर एवढी तहान होती. दोन्ही त्यांनीच पिले असतील."

"कडू ग्लास बी?"

"नवऱ्याची इज्जत वाचवाले बाई कडू बी पेते," मेघा म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्याला हसली.

देवराव खिडकीतून वाकून बाहेरच्या कुंडीत पाहून आले. कुंडी कोरडी होती. ओतलेली तरी नव्हती. यावर तिघांचं एकमत झालं. बाकी कशावर झालं नाही. उरलेल्या एका संत्र्याची कॉफी तिघांत वाटून घेतली गेली. मेघानं देवरावांना सालाचं तेल मारायला दिलं, आणि त्यांनी ते यावेळी ग्लासातच मारलं. रात्री धम्मानंदचा उमरेडहून फोन आला तेव्हा आई, वडील आणि बायको तिघं एकदम बोलायला लागली, आणि त्याला एवढंच कळलं की कुलरचा पंप सुधारला.

गुरुवारी सकाळी सिंधूताईंचा मोबाइल वाजला. मनोहरराव होते. आजवर ते देवरावांच्या फोनवर फोन करत.

"सिंधूताई," ते म्हणाले.

सिंधूताई निवृत्त झाल्यापासून हे नाव त्यांनी त्या आवाजात ऐकलं नव्हतं. त्यांनी गॅस बारीक केला.

"बोला, भाऊ."

"ते कॉफी घरी करून पाहून राहिलो आम्ही. जमून नाही राहिली. दूध नासलं."

"दूध टाकाचंच नसते त्यात."

"मी हेच म्हणत होतो प्रेमिलाले. ऐकते कुठं." मागे प्रेमिलाबाई काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. "अन् साखर किती टाकाची? ते म्हणते लय गोड होती."

सिंधूताईंनी ओट्याला टेकून उभं राहत विचारलं, "त्यांचं कळलं. तुम्हाले कशी लागली? गोड का कडू?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एक झाली, मग दुसरी.

"ते मी लग्नात सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही या तं खरं."

फोन बंद झाला. देवराव पेपर खाली करून बघत होते.

"काय म्हणे?"

"दूध नासलं म्हणे."

देवराव इतक्या मोठ्यानं हसले की मेघा कामावर जायची चप्पल तशीच एका पायात घेऊन आत आली. तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. तिची बस चुकली.

लग्न पुढच्या रविवारी उमरेड रोडवरच्या एका लॉनवर आहे. पत्रिका फ्रिजवर ठेवलेली आहे, आता सुलटी. जाणार का, असं देवरावांनी दोनदा विचारलं. सिंधूताईंनी दोन्ही वेळा भाजीला फोडणी दिली. दुपारी त्यांनी कपाटातली हिरवी साडी काढून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिली. संध्याकाळपर्यंत ती आलेली नव्हती.